लाकडी नांगराला पर्याय देणारे लक्ष्मणराव

हौस म्हणून घरी सुतारकाम करणाऱ्या माणसाची जिगसॉ एखाद्या दिवशी कायमची बंद पडते आणि नवी घेण्याची वेळ येते. दुकानात गेल्यावर किमतीआधी दुसरेच प्रश्न उभे राहतात. जवळची जुनी पाती नव्या यंत्राच्या पकडीत बसतील का? सागाच्या जाड फळीत वळण कापताना पाते सरळ उतरेल, की खालच्या बाजूला तिरके जाईल? बिघाड झालाच, तर सुटा भाग गावात मिळेल की यंत्रच अडगळीत टाकावे लागेल? जुने हत्यार हाताच्या सवयीचे असते. नव्यावर विश्वास बसायला वेळ लागतो. तरीही इथे चूक झाली तर नुकसान काही हजार रुपयांचे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील शेतकऱ्यासमोर हेच प्रश्न आले, तेव्हा पणाला लागला होता त्याचा वर्षाचा हंगाम. त्या शेतकऱ्याला उत्तर देता देता ज्यांनी आपले सारे आयुष्य वेचले, ते लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. आज त्यांचे आडनाव इंजिने आणि पंप यांच्याशी जोडले गेले आहे. पण त्यांच्या कारखानदारीचा पाया घातला गेला तो लाकडी अवजाराला पर्याय देण्याच्या खटाटोपातून.

हा पर्याय स्वीकारणे किती अवघड होते, हे समजण्यासाठी यवतमाळ जिल्ह्यातील केळापूरसारख्या तालुक्याकडे पाहावे. पांढरकवड्याच्या परिसरातील सागाची जंगले, दक्षिणेला पैनगंगेचे खोरे आणि कपाशीची काळी, चिकण जमीन अशी ही भूमी. इथल्या शेतीची सारी भिस्त वखर, डवरा, तिफण आणि नांगर यांच्यावर, आणि ही सगळी अवजारे लाकडाची. लोखंड एवढेच, की नांगराला फाळ आणि वखराला पास. गावच्या सुताराने वाकस, पटाशी, रंधा आणि करवत यांच्या साहाय्याने अवजार घडवावे, मोडले तर बांधावर बसून दुरुस्त करावे. लोहाराने फाळ भट्टीत तापवून ठोकून द्यावा. आणि सुगी झाली की दोघांनी खळ्यावरून आपल्या वाट्याचे धान्य न्यावे, अशी शतकानुशतकांची घडी होती. रोख पैशाचा संबंध फार थोडा. लाकडी नांगर बदलायचा म्हणजे ही घडी मोडून, ज्याची दुरुस्ती गावात होऊ शकत नाही अशी वस्तू रोख पैसे मोजून घरात आणायची. शेतकरी बिचकत होता तो केवळ अज्ञानामुळे नव्हे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदांताचे व्यासंगी. मुलाचे लक्ष मात्र पोथीपेक्षा चित्रांकडे आणि यंत्रांकडे. शाळेच्या ठरावीक अभ्यासात त्यांचे मन रमले नाही. चित्रकार होण्याच्या हट्टाने ते १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. वडिलांची या मार्गाला संमती नव्हती. थोरले बंधू रामचंद्रपंत, म्हणजेच रामूअण्णा, पाठीशी उभे राहिले म्हणून हे जमले. दोनएक वर्षांतच एक कठोर गोष्ट उघड झाली. लक्ष्मणरावांना काही रंगांमधील भेद नीट ओळखता येत नव्हता. चित्रकाराला याहून मोठा धक्का कोणता असणार? त्यांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. यांत्रिक रेखनाचे शिक्षण घेऊन ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये दरमहा ४५ रुपये पगारावर शिक्षक झाले.

ही नोकरी त्यांची खरी शाळा ठरली. वर्गात नकाशे शिकवावेत आणि वर्ग सुटला की कार्यशाळेत जाऊन यंत्रे उघडावीत, जोडावीत, परदेशी कारखान्यांची सूचीपत्रे आणि तांत्रिक मासिके चाळावीत, असा त्यांचा क्रम होता. यंत्र कागदावर कसे दिसते आणि हाताला कसे लागते, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला कळणे हे त्या काळी आपल्याकडे विरळा होते. कारागिराला नकाशा वाचता येत नसे आणि नकाशा काढणाऱ्याने कानस हाती धरलेली नसे.

याच सुमारास मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी सायकल पाहिली आणि या नव्या वाहनाने त्यांना झपाटले. मुंबईत सायकली घ्यायच्या आणि बेळगावला रामूअण्णांकडे पाठवायच्या, असा व्यवहार दोघा भावांनी १८८८ मध्ये सुरू केला. किर्लोस्कर उद्योगाचे जन्मवर्ष म्हणून हेच साल धरले जाते. त्या काळी सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये होती, आणि रामूअण्णा सायकल विकण्याबरोबरच पंधरा रुपये घेऊन ती चालवायलाही शिकवीत. वस्तू विकली की संबंध संपला असे न मानता ती वापरायला शिकवण्याची ही रीत पुढे नांगराच्या वेळी फार उपयोगी पडली. काही वर्षांनी संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी तक्रारअर्ज करीत बसण्याऐवजी राजीनामा दिला आणि १८९७ च्या सुमारास ते बेळगावला परतले.

बेळगावची सुरुवात अगदी बेताची होती. सायकलींची विक्री-दुरुस्ती आणि पवनचक्क्यांची एजन्सी यांवर दुकान चाले. त्यात भर पडली ती कडबा कापण्याच्या यंत्राची. शेतकऱ्याच्या घरी कडबा विळ्याने तोडला जाई. वेळ जाई आणि वैरणही वाया जाई. कडबा कापण्याचे यंत्र खपू लागले आणि त्यातून लक्ष्मणरावांची नजर वळली ती लोखंडी नांगराकडे. परदेशी बनावटीचे नांगर तेव्हा देशात येत होते. ते महाग होते आणि मोडला भाग मिळवायचा तर विलायतेकडे पाहावे लागे. तसा नांगर इथेच का होऊ नये, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सहसा सांगितली जात नाही. लोखंडी नांगराचा जन्मही लाकडातच होतो. बिडाची कोणतीही वस्तू ओतायची तर आधी तिची हुबेहूब लाकडी प्रतिकृती करावी लागते. ओतकामात तिला पॅटर्न म्हणतात. ती वाळूत दाबून जी पोकळी तयार होते, तिच्यात वितळलेले लोखंड ओततात. बीड थंड होताना आकसते. एका फुटामागे सुमारे एक अष्टमांश इंच. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा हवा. तो वाळूतून अलगद निघावा यासाठी त्याच्या बाजूंना किंचित उतार हवा. लाकूड हवामानाने वाकणारे असेल, तर सगळे मुसळ केरात. सागासारखे स्थिर लाकूड या कामाला चांगले, ते त्यामुळेच. आणि नांगराची माती उलटवणारी पाटी तर सरळ नसतेच. ती सुरुवातीला मातीखाली शिरते, मग हळूहळू पिळा घेत उभी होते आणि ढेकूळ बाजूला पालथे घालते. हा पिळा लाकडात उतरवायला चांगल्या सुताराचाच हात लागतो. वळणे कापायची ती अरुंद पात्याच्या करवतीने, बाकीचे रंधा आणि पटाशीने. विजेवर चालणारी, हातात धरण्याची जिगसॉ तेव्हा जन्मालाही आली नव्हती. स्वित्झर्लंडच्या सिंटिला कंपनीतील अल्बर्ट कॉफमन यांनी शिवणयंत्राच्या सुईच्या जागी करवतीचे पाते लावून ती कल्पना सिद्ध केली ती १९४६ मध्ये. रंगांनी दगा दिलेल्या माणसाची रेषा या लाकडी वळणांत कामी आली, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

नांगर तयार झाला; घेणारा मात्र मिळेना. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते आणि तिचा कस जातो, अशी समजूत शेतकऱ्यांत होती. पहिले नांगर विकले जायला दोन वर्षे लागली. आजच्या वाचकाला ही समजूत हास्यास्पद वाटेल. पण तिच्या आडून बोलणारी शंका व्यवहाराची होती. बीड कठीण असते, पण ठिसूळ. शेतातल्या दगडावर आपटून फाळ तुटला, तर गावचा लोहार तो तापवून ठोकू शकत नाही. बिडाचे तुकडे होतात, ते जोडले जात नाहीत. फाळ मऊ ठेवला तर तो भराभर झिजतो. नांगर जड असेल तर बैलांच्या खांद्याला काच पडतो आणि गरिबाला शेजाऱ्याची बैलजोडी उसनी मागावी लागते. हंगाम तर कोणासाठी थांबत नाही.

नांगरावर झीज सोसतो तो फाळच. तो वेगळा ओतून बोल्टने बसवलेला असला, म्हणजे झिजल्यावर बाकीच्या नांगराला हात न लावता नवा फाळ चढवता येतो. परंतु तो नवा फाळ जुन्या नांगराला तंतोतंत बसायला हवा. सुताराने घडवलेला प्रत्येक लाकडी नांगर दुसऱ्यापासून थोडा वेगळा असे आणि त्याने काही बिघडत नसे. कारखान्याच्या नांगराला ही मुभा नाही. पाच वर्षांपूर्वी घेतलेल्या नांगराला आज विकत घेतलेला फाळ बसला पाहिजे, तोही शेतकऱ्याने स्वतः, दोन पान्यांनी. भोक एका सुताने चुकले तरी सारा विश्वास मातीत. आपल्याकडे कारखानदारीची शिस्त म्हणून जे काही रुजले, त्याचा बराचसा भाग अशा सुट्या भागांच्या मापात आहे. यंत्राच्या विक्रीपेक्षा हे काम अधिक किचकट, आणि कौतुक मात्र त्याच्या वाट्याला कमी.

उद्योग जरा मूळ धरतो तोच बेळगावच्या नगरपालिकेला नवी वस्ती वसवण्यासाठी कारखान्याची जागा हवी झाली. लक्ष्मणरावांपुढे जागेचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावून आले. बाळासाहेब स्वतः चित्रकार. औंध येथील बांधकामाच्या निमित्ताने दोघांची ओळख झालेली होती. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची सुमारे ३२ एकर जमीन देऊ केली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. जमीन कसली, निवडुंगाचे रान होते ते. साप-विंचू मुबलक आणि पाणी दुर्मीळ. मार्च १९१० मध्ये पंचवीसएक कामगार आणि त्यांची कुटुंबे या माळावर उतरली. तीच पुढे किर्लोस्करवाडी म्हणून प्रसिद्धीस आली. आज हे ठिकाण सांगली जिल्ह्यात येते.

वाडी एकट्या लक्ष्मणरावांनी उभी केली नाही. रामूअण्णांनी बांधकाम आणि वसाहतीचा कारभार पाहिला, शंभूअण्णा जांभेकर यंत्रशाळेत रमले, मंगेशराव रेगे यांनी हिशेब सांभाळले, अनंतराव फळणीकर कारखान्यात राबले. राधाबाई किर्लोस्करांनी या माळावर संसार थाटताना जे सोसले, त्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात नाही. लक्ष्मणरावांनी वाडीत अस्पृश्यता पाळू दिली नाही. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना त्यांनी कामावर घेतले आणि कारखान्याची रात्रीची राखण त्यांच्या हाती सोपवली. मोडलेली वस्तू टाकून न देता तिचा उपयोग शोधावा, हा कार्यशाळेतला स्वभाव माणसांच्या बाबतीतही त्यांनी सोडला नाही. माणसांविषयी असा निर्णय घेणे यंत्राच्या निवडीपेक्षा धाडसाचे होते. तो काळ पाहता शेजारच्या गावांना तो वेडेपणा वाटला असेल तर नवल नाही.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी माल येणे थांबले. देशी नांगराला बाजार मोकळा झाला, पण कच्चे लोखंड, दगडी कोळसा, रंग या साऱ्यांचीच टंचाई. मागणी दारात उभी आणि भट्टीत घालायला लोखंड नाही, अशी विचित्र अवस्था. लाकडी कोळशावर भट्टी चालवणे, मोडीचे लोखंड मिळेल तिथून गोळा करणे असे नाना उपाय झाले. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी पन्हाळगडावरील जुन्या, निकामी तोफा नांगरांसाठी वितळवायला दिल्या, ही हकीकत पश्चिम महाराष्ट्रात आजही आवर्जून सांगितली जाते.

युद्धानंतरच्या वर्षांत वाडीची वाढ झपाट्याने झाली. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांच्या संपादकत्वाखाली ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघाले. त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, आणि ‘स्त्री’ व ‘मनोहर’ ही त्याची भावंडे. आरंभी या पत्राचे काम अगदी साधे होते. अवजारे घेणाऱ्यांशी आणि विकणाऱ्यांशी संपर्क ठेवणे. मराठी मध्यमवर्गाच्या वाचनाला वळण लावणाऱ्या मासिकाचे मूळ नांगराच्या विक्रीत असावे, ही गंमत साहित्याच्या इतिहासकारांनी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही.

नांगरापाठोपाठ ऊस गाळण्याचे लोखंडी चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, हातपंप यांची निर्मिती होऊ लागली. चरकाची कथा नांगरासारखीच. गुऱ्हाळातला लाकडी चरक झिजे, रस पुरता निघत नसे आणि दुरुस्तीला सुतार लागे. पुढे तर कारखान्यात लोखंडी खुर्च्या-टेबलेही होऊ लागली, म्हणजे सुताराचे आणखी एक क्षेत्र लोखंडाने घेतले. या बदलाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. जो सुतार गावात नांगर घडवीत होता, त्याचे खळ्यावरचे धान्य यामुळे कमी झाले. त्यातल्या ज्यांना शहराकडे वा कारखान्यांच्या पॅटर्नशाळेत काम मिळाले ते तरले. बाकीच्यांचे काय झाले, हे उद्योगाच्या गौरवगाथेत शोधून सापडत नाही.

खेड्यात दुरुस्त होऊ शकेल अशा यंत्राचा प्रश्न गांधीजींनाही सतावत होता. १९२९ मध्ये चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. किंमत दीडशे रुपयांच्या आत, आयुष्य वीस वर्षांचे, खेड्यातल्या झोपडीत एकट्या बाईला चालवता यावा आणि बिघडला तर जागच्या जागी दुरुस्त व्हावा, अशा त्याच्या अटी होत्या. गणेश भास्कर काळे यांचा चरखा किर्लोस्करवाडीतून या स्पर्धेत उतरला. परीक्षकांनी तो कसून तपासला; अटींना तो पुरता उतरला नाही आणि बक्षीस कोणालाच मिळाले नाही. उत्पादनाचा वेग आणि दुरुस्तीची सोय या दोहोंचे एका यंत्रात जमवणे किती कठीण आहे, याचा हा उत्तम दाखला आहे. लक्ष्मणरावांनी नांगरात ते जमवले, कारण नांगराला हलणारा भागच नसतो.

लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून अभियंता होऊन १९२६ मध्ये परतले आणि कारखान्याला नवी गती आली. मग आली ती यंत्रे घडवणारी यंत्रे. १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर कंपनी स्थापन झाली आणि तिथे लेथ तयार होऊ लागले. १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांची आणि बेंगळुरूला विजेच्या मोटारींची कंपनी निघाली. एकेकाळी परदेशी सूचीपत्रे चाळून यंत्र निवडणाऱ्या शिक्षकाच्या नावाने आता देशातल्या लहान-मोठ्या कार्यशाळांना लेथ निवडायला मिळत होता. केळापूरच्या कपाशीच्या पट्ट्यातल्या विहिरींवर काय किंवा सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या मळ्यांत काय, इंजिन म्हटले की किर्लोस्कर हे समीकरण पुढच्या काही दशकांत रूढ झाले. ते मुख्यतः पुढच्या पिढीचे कर्तृत्व. लक्ष्मणराव तोवर दैनंदिन कारभारातून बाजूला झाले होते.

आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यावर त्यांना एक दारुण आघात सोसावा लागला. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. ज्या माळावरचे निवडुंग हाताने उपटले, तिथे उभे केलेले काम डोळ्यांदेखत जळाले. लक्ष्मणराव तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. लाकडी पॅटर्न हा ओतशाळेचा खरा ठेवा असतो. भिंत पुन्हा बांधता येते, पण जळालेला पॅटर्न पुन्हा घडवताना जुन्या मापाशी नवे जुळवावे लागते, नाहीतर शेतकऱ्याच्या घरातील नांगराला नवा फाळ बसत नाही. सोडून जाण्याला त्या वेळी पुरेसे कारण होते. पण कारखाना तिथेच पुन्हा उभा राहिला, आणि भट्टी पेटली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. पुढे ट्रॅक्टर आला, बैलांची संख्या घटली आणि तो लोखंडी नांगरही हळूहळू गोठ्याच्या भिंतीला टेकून राहिला. कपाशीच्या काळ्या रानात अजूनही जिथे बैलांचा वखर चालतो, तिथे पास झिजली की शेतकरी पांढरकवड्याच्या बाजारात येतो आणि नवी घेण्याआधी ती जुन्या भोकांशी लावून पाहतो.